चूल पेटवून दाखवा

दत्तोबा कुठंही बसत नसत. आमच्या ओट्यावर चहा घेत तोही उभ्यानं. एका हातात बशी, दुसऱ्या हातात छत्री आणि पाय सारखे चाळवत. बसत ते फक्त परक्याच्या स्वयंपाकघरात, चुलीपुढं.

ते कामच होतं त्यांचं. पेठेतली सोसायटी गरिबांना घरदुरुस्तीसाठी लहान कर्जं देई. निम्मं आधी, निम्मं पाहणीनंतर, आणि पाहणी दत्तोबांची. लोक भिंती दाखवत, कौलं दाखवत. हे सरळ आत जात, दार लावून घेत आणि म्हणत, "चूल पेटवून दाखवा." डोळ्यांत पाणी आलं की सही नाही.

गणपा हमालानं पहिल्या पैशांत दर्शनी भिंत बांधली आणि तिच्यावर दोन पैलवान रंगवून घेतले. माजघरावर अजून कौलं नव्हती. अर्ज मी लिहिलेला, म्हणून पाहणीला मीही गेलो.

दत्तोबांनी पैलवानांकडं पाहिलंही नाही. आत गेले आणि खोकतच बाहेर आले.

"सायब, भित बघा की. रस्त्यानं जाणारा थांबतोय."

"रस्त्यानं जाणारा भाकरी थापतोय व्हय रं? चुलीपाशी खिडकी पाड आधी."

"पाऊस तोंडावर आलाय. बायकू पोटुशी हाय. कुठं निजवू तिला?"

"धुरात निजवणार हुतास न्हवं?"

त्या दिवशी मी त्यांच्याशी बोललो नाही.

गणपानं चार दिवसांत खिडकी पाडली. दत्तोबा पुन्हा चुलीपुढं बसले. धूर सरळ बाहेर गेला, तरी त्यांचे डोळे भरले. गणपा हबकला. "सायब, धूर तर गेला की."

"गेला," म्हणाले आणि मांडीवर कागद ठेवून सही केली. पण उठले नाहीत. गणपाच्या बायकोनं भाकरी वाढली, ती सावकाश खाल्ली. पाऊस आला तेव्हा माजघरावर कौलं होती.

परवा दत्तोबा वारले. दहा वर्षांचा शेजार, पण त्यांच्या स्वयंपाकघरात मी प्रथमच शिरलो. चुलीच्या वर भिंतीत भली मोठी खिडकी. पलीकडच्या आक्का म्हणाल्या, "बायकू खोकून खोकून गेली, तवा पाडली ही. तुम्ही यायच्या आधीची गोष्ट. मग खानावळीतच जेवला."

चूल नीट सारवलेली होती. काजळीचा डागही नव्हता.

मयताच्या अंघोळीचं पाणी अंगणात तापवतात. मी हंडा त्या चुलीवर ठेवला. धूर सरळ बाहेर गेला.