उसना दिवाणखाना

संस्थेच्या बाई तीन वाजता येणार होत्या आणि अडीच वाजले तरी फ्रीज दोन्या एनेइदाच्या, म्हणजे आमच्या एनेइदाबाईंच्या, दारातच अडकलेला होता. दार अरुंद, फ्रीज रुंद, आणि त्यामागे म्हातारा क्लोदोमिरो भिंतीला चिकटून, मला आत तरी ओढा नाहीतर बाहेर तरी ढकला, असं विनवत होता. शेवटी चौकटीची फळी उखडली, फ्रीज आत घातला आणि फळी पुन्हा ठोकली. फ्रीज समोरच्या सुनिल्दाचा होता. सोफा क्लोदोमिरोचा, टीव्ही उबाल्दोचा. फुलाफुलांचे पडदे माझे होते, हे मीच सांगून टाकते. नाहीतरी गल्लीत कुणीतरी सांगितलंच असतं.

हा सगळा खटाटोप एनेइदाच्या दार्लेनिससाठी होता. पोरगी अठराची, हुशार, आणि वर्षभर घरी बसलेली. बारांकियातल्या एका संस्थेने गरजू मुलामुलींसाठी फ्रीज आणि एसी दुरुस्तीचा सहा महिन्यांचा वर्ग काढला होता. फी नाही, बसचं भाडं आणि दुपारचं जेवण त्यांचं, आणि शेवटी वर्कशॉपमध्ये नोकरी. आमच्या गावच्या उकाड्यात एसी दुरुस्त करणाऱ्याला पाद्रीबाबापेक्षा जास्त मान मिळतो. दार्लेनिस लेखी परीक्षा पास झाली होती. राहिली होती ती फक्त घरभेट.

आता घरभेट म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नोकरी द्यायच्या आधी कंपनीचा माणूस घरी येतो, बसतो, सरबत पितो आणि नजर फिरवून घर बघतो. एनेइदाच्या भाच्याची वॉचमनची नोकरी अशीच गेली होती, कारण आलेल्या साहेबांच्या बुडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीचा पाय मोडला. तेव्हापासून एनेइदाने ठरवलं होतं की आपल्या घरी असला प्रसंग येऊ द्यायचा नाही. कागदावर 'गरजू' असं लिहिलंय, हे मी तिला दाखवलंसुद्धा. ती म्हणाली, कागदावर काय, लोक काहीही लिहितात.

दार्लेनिस तेव्हा मावशीकडे ब्लाउजला इस्त्री करायला गेली होती. ती परतली ती थेट बाईंबरोबरच. कोपऱ्यावर दोघींची गाठ पडली होती. बाईंचं नाव ग्रिसेल्दा, पण हातात फाइल असलेल्या कुठल्याही बाईला आम्ही 'सेन्यो'च म्हणतो. दार्लेनिस दारात आली, आत बघितलं, आणि चुकून दुसऱ्याच घरात शिरले असं वाटून माघारी वळली. आईने दंडाला धरून तिला आत घेतलं.

सेन्यो ग्रिसेल्दा सोफ्यावर बसली. कोरोसोच्या फळांच्या लालभडक सरबताचा ग्लास तिच्या हातात दिला गेला. तिने फाइल उघडली आणि पेन काढलं.

"फ्रीज तुमचाच का?"

"मग काय शेजाऱ्यांचा असणार?" एनेइदा हसून म्हणाली.

सेन्योने एक खूण केली. टीव्ही? आमचाच. सोफा? लग्नातला. एनेइदा एकेका प्रश्नाला फुलत गेली. शेजारी बसलेल्या दार्लेनिसने मान तिरकी करून तो कागद वाचला आणि तिचा चेहरा उतरला. घराला शंभर गुण होते आणि प्रत्येक चैनीच्या वस्तूमागे त्यातले कापले जात होते. फ्रीज, वजा वीस. टीव्ही, वजा पंधरा. सोफा, वजा दहा. खाली ठळक लिहिलं होतं की साठच्या खाली असलेल्या घरांना मदतीची गरज नाही.

तिने आईला डोळ्यांनी खुणावलं. आईला वाटलं, पोरगी म्हणतेय अजून थोडं सांग.

"आणि हे पडदे बोगोताहून मागवलेत," एनेइदा म्हणाली. पडदे मी बाजाराच्या मागच्या बोळातून आणले होते. वजा पाच.

तेवढ्यात खिडकीत एक डोकं उगवलं. सुनिल्दा तिच्या फ्रीजमध्ये बोली करून विकते. बोली म्हणजे प्लास्टिकच्या नळीत गोठवलेलं सरबत, गल्लीतली पोरं दिवसभर तेच चोखत असतात. फ्रीज आला तो बोलींसकट आला, आणि फ्रीज कुठे गेला हे पोरांना आपल्याआधी कळतं.

"दोन चिंचेचे आणि एक नारळाचा," डोकं म्हणालं.

एनेइदाने मोठ्या दिमाखात फ्रीज उघडून तीन बोली काढून दिले. सेन्योने विचारलं, घरचा धंदाही आहे वाटतं? एनेइदा म्हणाली, चालतो आपला, देवाची कृपा. वजा पंचवीस.

आता उरले पंचवीस. दार्लेनिसला राहवेना. हे आमचं काही नाही, असं ती सरळ बोलून गेली. आईने सोफ्यामागून तिला चिमटा काढला आणि सेन्योला समजावलं की पोरगी फार विनयी आहे, श्रीमंतीचा तोरा तिला आवडत नाही. सेन्योने ते ऐकून घेतलं आणि विचारलं, तुला हेच काम का शिकायचंय?

"आख्ख्या गल्लीत मिळून एकच फ्रीज आहे, सेन्यो. तो बिघडला की सगळ्यांचीच पंचाईत होते."

"आणि तो एक तुमच्याकडे आहे."

 दार्लेनिसचे डोळे भरून आले होते, आणि दाराआडून बघताना माझेही. पोरीची नोकरी आपल्या पडद्यांनी बुडतेय, हे बघवत नव्हतं.

वाचवलं ते उबाल्दोने, तेही नकळत. साडेतीनला मॅच होती. तो आला, सगळ्यांना नीट नमस्कार केला, वायर काढली आणि टीव्ही काखेत मारून निघून गेला. सेन्योने त्याच्या पाठीकडे पाहिलं, पेन फिरवलं आणि टीव्हीवरची खूण खोडली. पंधरा गुण परत आले. दार्लेनिसने ते बघितलं आणि बाणासारखी बाहेर पळाली.

"ज्याचं जे असेल ते घेऊन जा," तिने गल्लीत सांगितलं. "आत्ताच्या आत्ता."

मग काय विचारता. सुनिल्दा दोन माणसं घेऊन आली. एनेइदाच्या प्लगला वीजच नव्हती, बोलींचं पाणी होऊ लागलं होतं, त्यामुळे ती तणतणतच होती. चौकटीची फळी पुन्हा उखडली. क्लोदोमिरोने सेन्योला हात देऊन अदबीने उठवलं आणि सोफा खालून काढून घेतला. मी पडदे काढले. एनेइदा प्रत्येकाला आडवी जात होती. "अगं, पाहुण्यांसमोर काय हे," म्हणत होती, पण ऐकतंय कोण. आमच्या गल्लीला एकदा मदतीचा जोर चढला की थांबता येत नाही. लोकांनी तिचं स्वतःचं टेबलही उचललं. झोपाळा सोडला. भिंतीवरची कार्मेनमातेची तसबीर निघाली होती, ती एनेइदाने परत हिसकावली. सगळ्यात शेवटी कुणीतरी सेन्योच्या हातातला ग्लास नेला, सरबत संपायची वाटसुद्धा न बघता.

रिकाम्या खोलीत तिघी उभ्या राहिल्या. एनेइदाच्या छातीशी कार्मेनमाता होती आणि मान खाली. इतकी वर्षं मी तिला ओळखते, पण तिला असं कधी पाहिलं नव्हतं.

"दोन्या," सेन्यो हळूच म्हणाली, "यातलं तुमचं नक्की काय होतं?"

एनेइदाने भिंतींकडे पाहिलं. मग दार्लेनिसकडे बोट दाखवलं. "ही. ही उसनी नाही. हिला तेवढं घ्या."

सेन्योने फाइल मिटली आणि ती निघून गेली.

सोमवारी यादी लागली. दार्लेनिसचं नाव सगळ्यात वर होतं, घराला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. पोरगी नाचतच घरी आली. एनेइदा मात्र भडकली. आम्ही इतके दरिद्री आहोत, असं भिंतीवर लावलं? आता या गल्लीत तोंड कसं दाखवू? मी तिला सहज सांगितलं की त्याच यादीत सुनिल्दाच्या पुतण्याला एकाहत्तरच मिळाले.

एनेइदा थबकली. "एकाहत्तर? फक्त?" मग तिने आरशात बघून केस नीट केले, दुकानावर गेली आणि रांगेतल्या प्रत्येकाला सांगून आली की आख्ख्या विभागात पहिलं घर आपलं आहे. दुसऱ्या दिवशी ती संस्थेत जाऊन टेबलावर हात आपटत उभी राहिली. मीही बरोबर होते, तिला आवरायला.

"दोन गुण कुठे गेले? आमच्यापेक्षा रिकामं घर दाखवा मला."

सेन्यो ग्रिसेल्दाने शांतपणे फाइल काढली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, 'शेजारी मदतीला धावून येतात: वजा दोन.'

एनेइदाने ती ओळ वाचली. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा वाचली.

"ते बरोबर आहे," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून खाली बसली.