मिटल्या तोंडाच्या पिशव्या

कापडी पिशवी शिवणं यात अवघड ते काय? एक लांब तुकडा घ्यायचा, दुमडायचा, दोन बाजू शिवायच्या, वर दोन पट्टे लावायचे. कचेरीतल्या नोकरीचा राजीनामा देऊन घरी आले, त्या संध्याकाळी नवऱ्याला मी हे सगळं रुमालावर करून दाखवलं. तो म्हणाला, पण तुला शिवता कुठे येतं? मी म्हटलं, विमान कंपनीचा मालक स्वतः विमान उडवतो का?

तो हसला आणि रुमालाची घडी करून खिशात ठेवला. तेव्हाच त्याने मला अडवलं असतं, तर पुढचं बरंच टळलं असतं.

माझ्या धंद्याची तत्त्वं मात्र पक्की होती. एक, नवं कापड विकत घ्यायचं नाही. पडद्यांच्या दुकानात नमुन्याची कापडं जुनी झाली की फेकून देतात, ती मी मागून आणली. दुकानदाराला इतका आनंद झाला की त्याने सोबत एक मोडका सोफाही देऊ केला. दोन, कोणाला राबवायचं नाही. कचेरीतल्या माझ्या साहेबांना प्रत्येक काम कालच झालेलं हवं असायचं. तसलं काही आपल्याकडे नको, म्हणून मी लेबलं छापून घेतली: ‘ही पिशवी कोणालाही न दटावता, कोणाचीही घाई न करता शिवलेली आहे.’ तेव्हा अजून एकही पिशवी शिवून झालेली नव्हती, पण लेबलं तयार होती.

शिवणार होत्या सासूबाई. त्यांचं पायमशीन मागच्या खोलीत खिडकीशी असतं. कापायला समोरच्या दारातल्या काकू आल्या. काकूंचा सगळा जन्म गणवेशांच्या कारखान्यात गेलेला. नफ्यात तिघींचा सारखा वाटा ठरला आणि आमचा कारखाना सुरू झाला.

सुरुवातीचे दिवस फार सुखाचे गेले. एक पिशवी तयार झाली की काकू ती खुर्चीवर ठेवायच्या आणि आम्ही तिघी जमिनीवर बसून तिच्याकडे बघायचो. पिशवीला असा मान कुठल्या घरात मिळाला नसेल. एका पिशवीला चहा दोनदा व्हायचा.

मग एक दिवस नव्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाई घर शोधत आल्या. भाजीवालीकडे त्यांनी आमची पिशवी बघितली होती. वाचनालयाचं उद्घाटन होतं, आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला पिशवीत घालून एक पुस्तक द्यायचं त्यांच्या मनात होतं. शंभर पिशव्या जमतील का, असं त्या विचारत होत्या. त्यांचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणून बसले.

त्या गेल्या आणि माझ्या अंगात कचेरीतले साहेब शिरले. मी मागच्या खोलीत येरझारा घालू लागले. किती झाल्या, किती राहिल्या, चहा नंतर घेतला तर चालणार नाही का, असं सारखं चालू. सासूबाईंनी शांतपणे मशीन थांबवलं, चष्मा लावला, एक लेबल उचललं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. मग ते समोरच्या भिंतीवर टाचणीने लावून टाकलं. त्यानंतर मी तोंड उघडलं की त्या नुसतं भिंतीकडे बघायच्या.

मग मी युक्ती केली. स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ आणून कापायच्या टेबलावर ठेवलं. म्हटलं, मी कुठे घाई करतेय, घड्याळ करतंय. पहिल्यांदा गजर झाला तशा काकूंनी कात्री खाली ठेवली, उठल्या आणि घरी निघून गेल्या. मला वाटलं, संपलं, आता कात्री मलाच धरावी लागणार. थोड्या वेळाने त्या परत आल्या, चेहरा पाण्याने धुतलेला.

“रागावले नाही गं,” त्या म्हणाल्या. “जन्मभर कारखान्याच्या घंटेवर जेवले, घंटेवर पाणी प्यायले. घंटा वाजली की हात आपोआप थांबतात. तुझ्याकडे आले ते इथे घंटा नव्हती म्हणून.”

मी ते घड्याळ कपाटात रजयांच्या खाली नेऊन ठेवलं. लेबल मी छापलं होतं खरं, पण त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

उद्घाटनाच्या आदल्या दिवसापर्यंत सगळ्या पिशव्या शिवून झाल्या. अर्ध्यांना पट्टे लावायचे तेवढे राहिले होते. आणि नेमकी त्या दुपारी सासूबाईंची डोळ्यांच्या डॉक्टरांकडे वेळ होती. काकू सोबत गेल्या. घरात उरले मी, मशीन आणि बिनपट्ट्याच्या पिशव्यांचा ढीग.

पट्टेच तर लावायचे होते. सासूबाई पट्ट्याच्या टोकाला एक चौकोन आणि त्यात फुली अशी टीप मारतात, ते मी रोज बघत होते. मी बसले, आणि काय सांगू, हात असा बसला की मी स्वतःच चकित झाले. मशीन घोड्यासारखं धावत होतं. चौकोन, फुली, चौकोन, फुली. मजबुतीसाठी मी प्रत्येक टीप दोनदा मारली, काही तर तीनदा. नवरा आला तेव्हा ढीग संपला होता. आम्ही एक पिशवी दोन्हीकडून धरून रस्सीखेच केली. नवरा सोफ्यावर पडला, पण पट्टा काही सुटला नाही. सासूबाई डोळ्यांत औषध घालून आल्या होत्या, त्यांना सगळं धूसर दिसत होतं. त्यांनी टिपेवरून बोट फिरवलं आणि टीप सरळ आहे म्हणाल्या. मी आयुष्यात इतकी कधी फुलले नव्हते.

पट्टे ओढून बघितले, पिशवी उघडून बघायचं मात्र एकालाही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाई, काकू आणि नवऱ्यासह मी वाचनालयात पोचले, तेव्हा खुर्च्या भरल्या होत्या. प्रमुख पाहुण्या म्हणून निवृत्त डॉक्टरबाई आल्या होत्या. ग्रंथपालबाई मागच्या टेबलाशी पुस्तकं पिशव्यांत घालत होत्या आणि मी शेजारी कौतुकाची वाट बघत उभी होते. पहिली काही पुस्तकं गेली. मग एक अडलं. त्यांनी पिशवी उलटीसुलटी केली, झटकली, खाली वाकून आत डोकावायचा प्रयत्न केला आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, “बाई, हिला तोंड कुठून आहे?”

मी पिशवी हातात घेऊन तिचं तोंड उघडायला गेले. पट्टा पिशवीच्या एकाच पदराला लावायचा असतो. मी दोन्ही पदर एकत्र धरून टीप मारली होती. चौकोन आणि फुलीसकट, दोनदा, काही तर तीनदा. पिशवीचं तोंड दोन्हीकडून मिटलेलं, मध्ये जेमतेम चष्मा जाईल एवढी फट. अशा पन्नासएक पिशव्या.

सासूबाईंनी एक पिशवी चाचपली. आता काय ऐकायला मिळतंय म्हणून मी मान खाली घातली. त्या एवढंच म्हणाल्या, “टीप सरळ आहे हे मी खोटं नव्हते बोलले.” आणि पर्समधून टाचणी काढून उसवायला बसल्या. काकू जमिनीवर फतकल मारून बसल्या. त्यांचे हात असे चालू लागले की मी ते तसे कधी पाहिलेच नव्हते. मी घाबरून म्हटलं, काकू, घाई करू नका, तुमचे हात दुखतील.

“तू कुठे कर म्हणालीस?” त्या वर न बघता म्हणाल्या. “ही माझी मी करतेय.”

नवरा दातांनी दोरा तोडत होता. तरी माझी टीप सुटेना. कालचा अभिमान एकेक टाका करून काढावा लागत होता. शेवटच्या रांगेतल्या एक आजी वळून बघत होत्या. त्यांनी काही न विचारता हात पुढे केला आणि एक पिशवी घेतली. शेजारणीने दुसरी घेतली. केसांतल्या पिना निघाल्या, नखं लागली, कोणाकडे किल्ली होती. पिशव्या रांगेमागून रांग पुढे सरकत गेल्या आणि बघता बघता अर्धं सभागृह उसवायला लागलं.

इकडे डॉक्टरबाईंचं भाषण सुरू झालं होतं. थोडक्यात आटपते, असं त्या आधीच सांगून बसल्या होत्या. पण समोर बघतात तर काय, सगळ्यांच्या माना खाली आणि मधूनच कोणी हात डोळ्यांशी नेतंय. दोरा दिसावा म्हणून नेत होते, पण व्यासपीठावरून ते कसं कळणार? डॉक्टरबाईंचा आवाज जड झाला. त्यांनी लहानपणापासून सुरुवात केली. आईने दिलेलं पहिलं पुस्तक, कंदिलाचा उजेड, वडिलांचा आजार, सगळं आलं. त्या जसजशा बोलत गेल्या तसतशा पिशव्या उघडत गेल्या. शेवटी त्या म्हणाल्या की इतक्या नम्रपणे आपलं बोलणं आजवर कोणी ऐकलं नव्हतं. आणि टाळ्यांचा कडकडाट झाला, कारण हात त्याच क्षणी मोकळे झाले होते.

मीही टाळ्या वाजवल्या, पण माझं तोंड त्या खुर्च्यांकडे होतं. कपड्यांवर दोऱ्यांचे तुकडे घेऊन बसलेली ती अनोळखी माणसं, जमिनीवरून उठायला एकमेकींना हात देणाऱ्या सासूबाई आणि काकू, ओठाला दोरा चिकटलेला नवरा. एकानेही मला वाकडा शब्द ऐकवला नाही. मला आभार मानायचे होते, म्हणून मी एकेकाच्या कपड्यांवरचे दोरे वेचत सुटले.

गडबडीत एक पिशवी उसवायची राहिली आणि ती नेमकी डॉक्टरबाईंना गेली. मी माफी मागायला धावले. त्यांनी तोवर फटीतून चष्मा आत सोडला होता आणि पिशवी उलटी धरून बघत होत्या. चष्मा पडला नाही. माझा चष्मा दर पिशवीतून पडतो, ही कोणाची कल्पना, असं त्यांनी विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. बहिणींसाठी अशाच आणखी हव्यात म्हणाल्या, आणि त्या मी स्वतः शिवाव्यात असा आग्रहही धरला.

मी आठवडाभर खपून, जीव ओतून त्या शिवल्या आणि पोचवल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

“पिशव्या सुरेख झाल्यात हो,” त्या म्हणाल्या, “पण या उघडतात.”

मी फोन सासूबाईंच्या हातात दिला.