अर्नेया बेटीं डुकरीण राखिली त्याची हकीकत

झेउस, जो अतिथींचा कैवारी, आणि हेस्तिया, जी चुलीची देवी, उभयतांस नेमाची धार वाहून आणि मस्तक नमवून लिहिलें ऐसे जे: सौभाग्यवती फिलिन्ना यांणीं आज्ञा केली कीं, आमचे लग्नाआधीं माहेरीं जो घोर संग्राम जाहला त्याचें साद्यंत वर्तमान लिहून द्यावें, लेंकराबाळांस कळावें. आज्ञा शिरसा वंदून लिहिलें. पदरचें कांहीं घातलें नाहीं.

अर्नेया बेटीं थेरॉन नामें राजा होता. बेट म्हणाल तर सकाळीं निघालेली शेळी दुपारीं फिरून तेथेंच यावी एवढें. परंतु राजा तो राजा. मुलूख तीन टेकड्यांचा, खजिना म्हणजे एक कांशाची कढई, फौज म्हणजे बारा बोकड, आणि सिंहासनावर बसून खासे हातें आपल्या वहाणा आपणच शिवीत. राणी मेलिताबाई देवभीरु, मृदुभाषणी, चुलीस पहिला घांस घातल्यावांचून पाणी न पिणाऱ्या. उभयतांची एकच कन्या ती फिलिन्ना. तिचें लग्न समोरील बेटीं ठरलें होतें, नवा चंद्र दिसेल ते दिवशीं. वराकडील मंडळींस जेवूं घालावयास एक डुकरीण ओकवृक्षाचीं फळें चारून वर्षभर पोसली होती, आणि वराच्या मातुश्रींनीं जाहीर केलें होतें कीं, "डुक्कर नाही, तर सून नाही." सबब, सगळें राज्य त्या एका डुकरिणीवर उभें होतें.

ऐसे समयीं, द्राक्षांस रंग चढूं लागला तों, बंदरीं एक वीर उतरला. अंगावर रानडुकराचें कातडें, हातीं मोडका भाला, आणि पोट तळ लागलेल्या रांजणासारखें. सरळ राजद्वारीं येऊन उंबऱ्याशीं उभा राहिला.

त्या मुलखाचा कायदा ऐसा कीं, परका दारीं आला तर आधीं पाय धुवावे, स्नान घालावें, जेवूं घालावें, आणि तो आपल्या तोंडें 'पोट भरलं' म्हणे तोंवर नांव, गांव, काम कांहीं पुसूं नये. न जाणों, देवच वेष पालटून आला असेल. मग नांव, मग काम, मग निरोपाची भेटवस्तु, आणि भेट हातीं पडली म्हणजे पाहुण्यानें कूच करावें. हा क्रम खुद्द झेउसाचा, आणि जो मोडील त्याचें घर बसलें.

हा कायदा वीरास बहुत बारकाईनें ठाऊक होता. पहिले दिवशीं त्याणें एक बोकड फस्त केला आणि ओठ पुसून स्वस्थ बसला, परंतु ते दोन शब्द उच्चारिले नाहींत. मग दुसरा बोकड पडला, मग तिसरा, आणि मग दिवसास दोन दोन मोहरे कामास येऊं लागले. घांसाघांसास तो आपले पराक्रम सांगे, कीं अमुक डोंगरीं सात तोंडांची नागीण मारिली. दुसरे दिवशीं तीच नागीण नऊ तोंडांची जाहली. तेव्हां जुनी दासी मिर्तो, वाढतां वाढतां बोलती जाहली:

"काल तर सातच होती, पाहुणे."

"दोन मानेखाली लपली होती, म्हातारे. मागाहून दिसली."

"जेवताना दिसली असतील," मिर्तो म्हणाली, आणि रिकामी परात घेऊन गेली.

आठवे दिवशीं फौजेपैकीं एकही असामी शिल्लक राहिला नाहीं. वीरानें अंगणाकडे कान दिला.

"बाहेर कोण घुरघुरतंय?"

"ती... ती घरचीच आहे," थेरॉन राजे बोलिले, आणि मुखचर्या पांढरी पडली.

"घरचीच तर चवीला बरी असते. उद्या बघू."

शत्रूचा मनसुबा उघड जाहला. मग चीज करावयाचे खोपटांत तांतडीनें मसलत बसली. फिलिन्ना कोपऱ्यांत डोळे पुशीत होती.

"सांगा की त्याला, ही लग्नाची आहे म्हणून!" ती म्हणाली.

"आणि देव निघाला तर?" थेरॉन राजे बोलिले. "पलीकडच्या डोरियॉनने एका म्हाताऱ्याला हाकललं, दुसऱ्या दिवशी छप्पर खाली."

"ते छप्पर माझ्या लग्नापासून खाली यायचं म्हणत होतं," मिर्तो म्हणाली.

"तू गप्प बस!" राजे म्हणाले, आणि राणीकडे वळले. "अहो, तुम्ही तरी काही बोला."

मेलिताबाईंनीं हातचें दहीं निथळत ठेविलें आणि हळूच म्हणाल्या, "देव असला, तर आपलंच चुकलंय. आठ दिवस आपण त्याला माणसाचं जेवण वाढतोय."

हें ऐकतांच मसलतीस वाट सांपडली. कां कीं जनावर कापिलें म्हणजे मांस माणसांनीं खावें, आणि हाडें चरबींत गुंडाळून वेदीवर जाळावीं, त्याच्या धुरानें देव तृप्त होतात, ही चाल त्या मुलखीं लहान मूलही जाणतें.

दुसरे दिवशीं प्रातःकाळीं बाईंनीं नेम उरकिला आणि मोर्चे बांधिले. अंगणांत वेदी, वेदीचे पलीकडे, वारा जिकडे वाहे तिकडे, लोकर अंथरून उच्चासन. वीरास सन्मानें तेथें बसविलें, डोईवर हार घातला, आणि बारा बोकडांचीं हाडें होतींच, त्यांस उरली चरबी लावून ओल्या लाकडांवर चेतविलीं. धुराची फौज दणाणत चालून गेली.

"हे काय?" वीर खोकत म्हणाला.

"आपला वाटा, देवा," मेलिताबाई बोलिल्या. "ओळखायला उशीर झाला, क्षमा असावी."

"आणि मांस?"

"अगंबाई! ते माणसं खातात. आपल्याला कसं वाढू? पाप लागेल मला."

वीर प्रथम सुखावला, कां कीं सारा गांव दर्शनास लोटला. कोणी पाऊस मागे, कोणी लेंकरूं, एक टकल्या केंस मागे. वीरानें सर्वांस हात उंचावून आश्वासन दिलें. परंतु कोणी मधाचें पोळें आणिलें कीं मिर्तो पुढें होऊन तें त्याचे नाकासमोर अग्नींत घाली आणि म्हणे, "घ्या देवा, पोटभर घ्या." आणि पलीकडे घरचीं माणसें मसूर, कांदा आणि जवाची भाकर खात, त्याचा वास धुराचे फटींतून शत्रूच्या गोटांत शिरे. ऐसा वेढा दोन दिवस चालिला. वीर जातीचा खरा, बहुत टिकला.

तिसरे दिवशीं दुपारीं, डोळे लाल, भिवया करपलेल्या, ऐशा अवस्थेंत त्याणें हार काढून फेंकिला.

"बाई, मी देव नाही! थ्रासीलोस माझं नाव, कोरीडे गावच्या लायसॉन कुंभाराचा मुलगा!"

"असं होय," मेलिताबाई बोलिल्या. "पण पोट भरलं का?"

"भरलं! धुराने भरलं! गळ्यापर्यंत भरलं!"

थेरॉन राजे मिर्तोचा हात धरून गदगदले. मग कायद्याप्रमाणें काम पुसिलें.

"काम..." वीर खालीं पाहून म्हणाला, "काम काही नाही हो. घरी चाकावर बसवतात. आणि राक्षस मारून आलेल्याला कुणी चिखल तुडवायला सांगत नाही."

"एक तरी मारलास का रे?" मिर्तो.

"एक बेडूक. मोठा होता."

माणूस ठरतांच मेलिताबाईंनीं त्यास मसुराची वाटी आणि दोन भाकरी दिधल्या, आपण विणिलेली घोंगडी निरोपाची भेट म्हणून खांद्यावर घातली, आणि थेरॉन राजे खुद्द नावेस धक्का द्यावयास कमरेइतक्या पाण्यांत उतरले.

नवा चंद्र दिसला आणि लग्न जाहलें. डुकरिणीनें धारातीर्थीं देह ठेविला, वराच्या मातुश्रींनीं तीनदां वाढून घेतलें. इतक्यांत दारीं एक फाटका म्हातारा येऊन उभा राहिला. थेरॉन राजांचा घांस हातींच राहिला आणि दुसरा हात आपोआप परातीवर गेला. मेलिताबाई उठल्या आणि कांहीं न पुसतां पाय धुवावयास पाणी घेऊन गेल्या.

म्हाताऱ्यानें दोन तुकडे खाल्ले आणि तोंड पुसलें. "पोट भरलं, बाई. देव भलं करो."

"खरंच?" राजांनीं पुसिलें. "नक्की? आणखी एखादा?"

"भरलं हो, राजे. मी अगाथॉन. जाळी विणतो."

तेव्हां राजांचे नेत्रीं पाणी आलें, आणि त्यांणीं आपल्या ताटांतील उत्तम मांस उचलून त्याचे पुढें ठेविलें. येणेंप्रमाणें अर्नेयाचा दरवाजा बंद न होतां शत्रू जेर जाहला, आणि फत्ते ती मेलिताबाईंची, ऐसें नमूद केलें.