चार कोपऱ्यांचे पास्कूअंकल

पावाच्या स्लाइसचा कोपरा तुटलेला असला, तर पास्कूअंकल ती खात नाहीत. माझ्या ताटात ठेवतात. "सुर्व्या, तू खा. तुला कंडिशनचं कुठे काय पडलंय!" इथे गल्फमध्ये, रुवीतल्या एका खोलीत आम्ही दोघं सहा वर्षं राहतोय, आणि सहा वर्षं मी तुटक्या कोपऱ्यांवर पोट भरतोय.

माणूस वसईचा, साठीला टेकलेला. एका हॉटेलात लिनन सुपरवायझर, म्हणजे दिवसभर चादरींचे कोपरे जुळवायचे. पण खरं दुखणं वेगळंच आहे. अंकल अमेरिकेतली जुनी बेसबॉलची कार्डं जमवतात. पत्त्यांपेक्षा थोडी मोठी, पुढे खेळाडूचा रंगीत फोटो, मागे त्याने काय दिवे लावले त्याची माहिती. तिकडे पूर्वी च्युइंगगमच्या पुडीत मिळायची म्हणे. बेसबॉलचा सामना अंकलनी जन्मात पाहिलेला नाही. मी एकदा विचारलं, "यात ओव्हर किती असतात हो?" तर माझ्यावरच खेकसले, "मला काय ठाऊक? मी कार्डं जमवतो, खेळ नाही!"

"कार्डं पोत्याने मिळतील रे," ते सांगतात, "चांगली मिळत नाहीत. पोरं सायकलच्या तारांत अडकवायची, फटफट आवाज यायला. रबरबँड लावून खिशात कोंबायची. वर गमचा डाग. त्यातून चारही कोपरे शाबूत राहिलेलं एखादं..." मग वेटरांचे पांढरे हातमोजे चढवतात, एकेक कार्ड पाकिटासकट उजेडात धरतात आणि परत ठेवून देतात. उघड्या बोटांनी कार्डाला हात लावलेला मी कधी पाहिला नाही.

शुक्रवारी सकाळी आम्ही मदिनत सुलतान काबूसला. तिथे गोरी कुटुंबं राहतात. नोकरी संपली की फ्रिजपासून चमच्यापर्यंत सगळं दारात मांडून विकतात आणि आपल्या देशी जातात. लोक सोफ्यावर तुटून पडलेले, आणि अंकल आपले अदबीने, "मॅडम, एनी ओल्ड कार्ड्स?" एका बाईने नाताळची शुभेच्छापत्रं दिली. अंकलनी घेतली. कोपरे चांगले होते! एकदा तर कुणी सांगितलं म्हणून मला दूर रुस्ताक गावापर्यंत फरफटत नेलं. तिथल्या दुकानदाराने मोठ्या प्रेमाने कहावा, म्हणजे अरबी कॉफी, पाजला, खजूर दिले आणि वापरलेल्या टेलिफोन कार्डांची पिशवी पुढ्यात ओतली.

त्यांना हवं होतं एकच कार्ड. उन्हात एक डोळा बारीक केलेला कॅचर, म्हणजे त्यांच्याकडचा विकेटकीपरच. ते गेल्या हिवाळ्यात एका अमेरिकन मास्तरांच्या बुटांच्या खोक्यात सापडलं. कोरं करकरीत. टॅक्सीत अंकल आपणहून बोलले, "पप्पा बोटीवर होते. मी सात वर्षांचा असताना हेच कार्ड आणलं होतं त्यांनी. जाताना म्हणाले, मी येईपर्यंत नीट ठेव. मी खराब केलं. आणि त्या खेपेला पप्पा आलेच नाहीत. बोटीवरच गेले." मग कार्डाकडे बघत म्हणाले, "आता निदान एक तरी नीट आहे माझ्याकडे."

पुढच्याच आठवड्यात हॉटेलने त्यांना तीन दिवस कामासाठी सलाला शहरात पाठवलं. आमच्या खोलीचा एसी नेमका त्यांच्या कपाटावर गळतो. मी स्वतः एसी मेकॅनिक, पण दिव्याखाली अंधार. "कार्ड तुझ्याकडे ठेव," अंकल म्हणाले. "पाण्याचा थेंब लागता कामा नये."

आता आम्हा गल्फवाल्यांना कागद जपायची एकच रीत ठाऊक. दहावीची मार्कलिस्ट, बाप्तिस्म्याचा दाखला, गावच्या देवाचा फोटो, जे जे मोलाचं ते ते लॅमिनेट! मी कार्ड घेतलं आणि टायपिंग सेंटर गाठलं. म्हटलं, अंकलना सरप्राइज देऊ. मुद्दाम जाड प्लास्टिक सांगितलं. तेवढ्यात अर्बाबचा, म्हणजे माझ्या मालकाचा, फोन आला. पलीकडून तो ओरडतोय, आणि काउंटरवरचा मल्याळी विचारतोय, "फुल फिनिशिंग कर दूँ, सर? पॉकेट में चुभेगा नहीं." मी मान हलवली, "यल्ला, कर दो."

कार्ड हातात आलं, असं चकाचक! रस्त्यावर येऊन उन्हात धरलं आणि बघतो तर काय! चारही कोपरे गोल. नुसत्या प्लास्टिकचे नव्हेत, आतल्या कार्डाचेसुद्धा. धावत आत गेलो. तो बिचारा म्हणाला, "सर, अब तो खलास." देवा रे! ते दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

अंकल आले तेव्हा मी दारातच कार्ड पुढे केलं आणि घडलं ते सगळं भडाभडा सांगून टाकलं. ते पलंगावर बसले. हातमोजे घातले नाहीत. गोल कोपऱ्यांवरून अंगठा फिरवत राहिले.

"अंकल, शिव्या द्या," मी म्हटलं. "मारा हवं तर. पण बोला काहीतरी."

"मी काय केलं होतं, माहितेय?" ते हळूच म्हणाले. "खराब होऊ नये म्हणून भाताची खळ करून पुठ्ठ्यावर चिकटवलं आणि देवघरात ठेवलं. छान दिसत होतं रे! चार दिवसांत मुंग्या लागल्या, झुरळांनी खाल्लं. मम्मी म्हणाली, पप्पांना येऊ दे, मग बघते. मी रोज पाठ करायचो, पप्पा, मी मुद्दाम नाही केलं, मी नीट ठेवायलाच गेलो होतो. रोज. ते गेल्याची तार आली, तरी मी पाठ करतच होतो."



अंकलनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच. "तू नीट ठेवायलाच गेला होतास, सुर्व्या," ते म्हणाले. "ठाऊक आहे मला. रडू नको."

मी रडत नव्हतो. रडत होते ते.