चिनी बाईची पोरं

तोंडवलीच्या किनाऱ्यावर भिकूमामा रोज सकाळी समुद्राकडे तोंड करून मोठ्याने विचारीत, "बाय, बरी आसंस मां?"

ही बाय म्हणजे कोणी देवी नव्हे, चीनमधली एक लेखिका. मामांनी तिला कधी पाहिलं नव्हतं. तीही समुद्राकाठी वाढली, एवढंच त्यांना ठाऊक. "पाणी सगळां एकच. निरोप जाता," म्हणत.

मामांनी मुंबईच्या गोदीत कारकुनी केली. तिथे एका बोटीवर कोणीतरी टाकून दिलेलं तिचं इंग्रजी पुस्तक त्यांना मिळालं. लग्न त्यांनी केलं नाही. गावी परतले ते हे पुस्तक घेऊन. संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर चटई पसरून ते पोरांना त्यातल्या गोष्टी मालवणीत सांगत. चीनच्या आया मालवणीत कडाकडा भांडत आणि राग ओसरला की पोरांना पेज वाढीत. पोरांनी "मगे?", म्हणजे मग पुढे काय, असं विचारल्याशिवाय मामा पुढचं वाक्य बोलत नसत. चटईवर त्यांच्यासमोरची एक जागा मात्र कायम रिकामी. कोणी टेकलं की म्हणत, "ऊठ रे, थंय कोणतरी येवचो आसा."

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला पहिला मीच. वडील किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढायचे. हे मी लपवीत नाही, आणि पदवीही लपवीत नाही. मालवणच्या हायस्कुलात शिकवायचो. ते पुस्तक मागून घेऊन वाचलं आणि ओट्यापाशी उभा राहून मामांना म्हटलं, "या बाईंच्या लेखनाचा गाभा दोन गोष्टींत आहे. प्रेम आणि बालसुलभ निरागसता."

मामांनी मला चपलांपासून चष्म्यापर्यंत न्याहाळलं.

"मास्तर, पेपर लिवतंस काय? खाली बस. मगे म्हण."

"मी?"

"म्हण."

पदवीधर माणूस चारचौघांत असलं काही म्हणतो का? मी म्हटलं नाही.

"मगे तुका ता समाजला नाय," मामांनी निकाल दिला.

पुढे चीनशी लढाई जुंपली. गावातले दोघे फौजेत होते. त्यांच्यासाठी देवाला नारळ ठेवायचा आणि त्यानंतर मामांचं पुस्तक अंगणात जाळायचं, असं अण्णा पंचांनी ठरवलं. गाव देवळात जमला. गाऱ्हाणं घालण्याचा मान वयाने मामांचा. पुस्तक काखेत धरून ते नारळासमोर उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, आमचे झिल लढाईक गेले आसत, त्यांका राख रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला.

"त्यांच्या आवशी वाटेक डोळे लावन बसल्यात, त्यांका घराक सुखरूप आण रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि चिनी बाईची पोरां, तीव पोरांच आसत, त्यांकाय सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सर्वांत मोठा आवाज अण्णांचा. म्हणून झाल्यावर आपण काय म्हटलं ते त्यांच्या ध्यानात आलं. सगळा गाव मामांकडे वळला.

"देवासमोर व्हय म्हटलास," मामा हळूच म्हणाले. "आता जाळतास?"

"मेल्यान गंडवल्यान!" अण्णा पुटपुटले. पण देवाला दिलेला शब्द मागे कोण घेणार? काडेपेटी खिशात गेली.

काही वर्षांनी मामांची दृष्टी गेली. एका संध्याकाळी त्यांनी मला ओट्यावर बोलावलं आणि पुस्तक माझ्या हातात दिलं.

"आता तू वाच. मालवणीत."

मग चाचपडत ते पोरांच्या चटईवर गेले आणि त्या रिकाम्या जागेवर मांडी घालून बसले.

"मामा, तिथे कोणीतरी येणार होतं ना?"

"मीच रे. माका जन्म देवन आवस गेली. काकीच्या घरात कामां होती, गोष्टी नाय होत्या. सगळ्यांका सांगलंय, माका कोणी सांगूक नाय."

मी चपला काढल्या आणि वाचू लागलो. बाईंच्या लहानपणचं पान होतं. आई तिला घेऊन समुद्रावर निघाली होती. पहिलं वाक्य संपवून थांबलो. पोरं मामांकडे बघत राहिली.

मामांनी तोंड माझ्याकडे वर केलं.

"मगे?"