त्यायले देलं तेच मले द्या

देविदासकाका दुकानात आले की सामान पाहत नाहीत, गिऱ्हाईक पाहतात. पिशवी काखेत धरून बाजूला उभे राहतात. पुढच्या माणसाने जे मागितलं ते त्याच्या पिशवीत पडलं की त्या पिशवीकडे बोट करून म्हणतात, "त्यायले देलं तेच मले द्या."

मंगरूळपीरच्या बाजारात माझं किराणा आणि जनरलचं दुकान आहे. वडिलांच्या वेळेपासूनचं. त्यामुळे गिऱ्हाईक आपल्याला कळतं असा माझा समज होता. कोणी पुडीचा रंग बघून घेतो, कोणी टीव्हीतली बाई सांगते म्हणून, कोणी एकावर एक फुकट दिसलं म्हणून. आसेगावहून येणारी एक मावशी तर शेजारणीने काय नेलं ते विचारते आणि त्याहून मोठा डबा नेते. तिचंही मला समजतं. पण काका यातल्या कुठल्याच प्रकारात बसेनात.

काका वायरमन होते, आता रिटायर. मुलगी नागपूरला. काकू जाऊन दीड वर्ष झालं, तेव्हापासून सामानाला तेच येतात.

एकदा एका तरण्या बापाने पोटदुखीसाठी बाळाला द्यायचं ग्राइप वॉटर नेलं. काकांनीही नेलं.

"काका, हे कोनासाठी?"

"त्यायनं नेलं ना? मंग कामाचंच असन."

संध्याकाळपर्यंत काकांना नातू झाल्याची बातमी गल्लीभर झाली. दोन बायांनी झबली-टोपडी आणून दिली. ती परत कशी करायची हेही काका मलाच विचारायला आले.

संक्रांतीत एका बाईने हळदीकुंकवाला वाटायला एकवीस चहागाळण्या घेतल्या. काकांनी एकवीस घेतल्या. मी समजावू लागलो, तर तेच म्हणाले, "राजूभाऊ, एका घरात एकवीस लागतात! मी त येड्यासारखा एकीवरच चहा गाळून राह्यलो होतो."

रमजानमध्ये सलीमभाई वेल्डर शेवया घेऊन गेले. पाठोपाठ काकाही. दुसऱ्या दिवशी सलीमभाई डोक्याला हात लावून दुकानात हजर. "राजूभाई, काकाने सिवैयां में मिरची-कांदा डाला! और मुझे चखने बुलाया!"

"मग?"

"मग क्या, खाई. आता ईदला घरी बोलावलंय त्यांना. निदान खरी चव तरी समजेल."

मी पुरता गोंधळलो होतो. कंजूस म्हणावं तर नको ते नेतात. हौशी म्हणावं तर चेहऱ्यावर हौस नाही. शेवटी मी त्यांना म्हटलं, "काका, घरून यादी करून आना." आठ दिवसांनी त्यांनी घडी घातलेला कागद पुढे केला. वर सुबक अक्षरात 'सामान' लिहिलं होतं. खाली एकाचा आकडा. त्याच्यापुढे काहीच नव्हतं.

"रातभर बसलो होतो," ते म्हणाले. मला हसू आलं, मी हसलोही.

मग सोयाबीनची सोंगणी सुरू झाली. सगळे वावरात, बाजार रिकामा. एका दुपारी काका आले आणि गिऱ्हाइकाची वाट पाहत बसले. तासभर कोणी फिरकलं नाही. मी वैतागलो.

"काका, कोनी येत नाही आता. तुमाले काय पाह्यजे ते सांगा ना!"

काकांनी पिशवी मांडीवर सरळ केली. "तेच त मालूम नाही, भाऊ," ते म्हणाले. "चाळीस वर्सं ताटात आलं ते खाल्लं, खुंटीवर होतं ते घातलं. घरात काय काय लागते, मले काय मालूम? ती गेली अन् मी पहिल्यांदा तुमच्या दुकानात आलो. तुमी इचारलं, काय देऊ? मले काहीच सांगता आलं नाही. बाजूले एक बाई होती. म्हटलं, इले देलं तेच द्या. कोनाच्या त घरी बरोबर चालू असन."

तो दिवस मला आठवत नव्हता. पण काकू काय न्यायच्या ते आठवत होतं. माझ्याइतकं ते आता कोणालाच आठवत नसणार. मी उठलो आणि एकेक वस्तू काढू लागलो.

"हा चहा. इलायचीवाला देला होता एकदा, काकूनं परत आनला. म्हने, आमच्या ह्यायले साधाच लागते."

काकांनी पुडा हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला.

"हे बिनावासाचं साबन. वासाच्यानं तुमाले शिंका येतात म्हने. हे कमी तिखटाचे पापड, तुमच्या पोटासाठी. हा हिंग."

काकांनी हिंगाची डबी नाकाशी नेली आणि डोळे मिटले. "हा वास घरात होता," ते म्हणाले. "हे हिंग होय?"

शेवटी मी बरणीतून लिमलेटच्या गोळ्या काढल्या.

"हे कायले? मी त गोड खात नाही."

"हे त्यायचं सोताचं. पायरीवर बसून एक गोळी खायच्या, मंग पिशवी उचलून घरी जायच्या."

"येकल्याच?"

"हो."

"मले कधी सांगितलं नाही," काका म्हणाले. रागावलेत की हसताहेत, मला कळेना. मी सांगायला नको होतं का, तेही कळेना.

पिशवी भरून दिली. काका दोन पायऱ्या उतरले, थांबले आणि गुडघे धरून सावकाश खाली बसले. गोळीचा कागद त्यांना लवकर सुटेना. सुटला तसा त्यांनी ती तोंडात टाकली आणि मागे न पाहताच विचारलं,

"राजूभाऊ, ती इथं बसून काय पाहत असन?"

मी समोर पाहिलं. पंक्चरचं दुकान, पानटपरी, सावलीत बसलेली एक शेळी. वर्षानुवर्षं काकू तिथे बसत आणि मी आत पुड्या बांधत असे. मी कधी विचारलं नव्हतं.

"रस्ता पाहत असतीन, काका," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली आणि गोळी संपेपर्यंत रस्ता पाहत बसले.