समजल्याचा ठराव

तलावाच्या लीजचा अर्ज ऑनलाइन भरायची मुदत संध्याकाळी पाचला संपत होती. चार वाजता मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष श्यामलाल मोबाइलवरच्या एका पिवळ्या चौकोनाकडे पाहून घामाघूम झाले होते. अर्ज भरून झाला होता, पण 'पाठवा' या बटणावर नेमका तो चौकोन ठाण मांडून बसला होता. त्यात लिहिलं होतं, 'सदर कृती अंतिम समजण्यात येऊन तदनुषंगिक अटी अर्जदारावर बंधनकारक राहतील.' खाली एकच बटण होतं: 'समजले'.

"दाबा ना, मामाजी," सून नंदिनी म्हणाली. "थे मदतीसाठी असते. दाबलं का जाते."

"पण मले समजलं कुठं?"

"कोनालेच समजत नाही. सारे दाबतेत."

"माह्या बापानं असंच समजलं म्हणून अंगठा देला होता. तलाव ठेकेदाराच्या घशात गेला. आपल्याच तलावात आमी मजुरीनं जाळं ओढलं!" श्यामलालनी अंगठा मुठीत लपवला.

नंदिनीनं हेल्पलाइन लावली. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, आधी 'समजले' दाबा, मग पुढचं सांगते."

"बाई, समजलं असतं तं तुमाले फोन कायले केला असता?"

फोन कटला.

एकट्या माणसानं काही कबूल करायचं नाही, ठराव घ्यायचा, अशी बापाच्या त्या अंगठ्यापासून संस्थेची रीत होती. साडेचारला तलावाच्या पाळीवर सभा भरली. नंदिनीनं चौकोन दोनदा वाचून दाखवला. सभासदांनी माना हलवल्या; पटल्यामुळे की डासांमुळे, ते कळायला मार्ग नव्हता.

"ठराव! संस्थेले समजलं!" नत्थू ओरडला. "हात वर करा लवकर, पाच वाजून रायले!"

सगळे हात वर झाले. एक सोडून.

"मले नाही समजलं," सखाबाई म्हणाली. अर्ज भरला तो मोबाइल तिचाच होता. पाळीवर तेवढाच नेटवर्क पकडायचा. "माहा विरोध लिवा."

"लिवला, माय, लिवला!"

असं बहुमतानं समजल्यावर श्यामलालनी डोळे मिटून अंगठा टेकवला. चौकोन गेला. त्यांनी 'पाठवा' दाबलं. चक्र फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. नंदिनीनं पदराचं टोक दातात धरलं. शेवटी अक्षरं उमटली: 'अर्ज प्राप्त झाला.' पाच वाजायला मिनिटभर उरलं असेल नसेल. श्यामलाल होते तिथेच मातीत बसले. नत्थू चहा सांगायला पळाला.

सखाबाईनं आपला मोबाइल परत घेतला. त्यावर आणखी एक पिवळा चौकोन उगवला होता. ती अक्षराला अक्षर लावत वाचू लागली, "अटी... समजल्या... नसल्यास... 'अर्ज मागे घ्या'... दाबा."

"आता कसं सरळ लिवलं," ती म्हणाली, आणि तिनं दाबलं.